आठवी रेघ

रद्दीवाल्या मुल्लाच्या काट्यावर
एक पुस्तक चढलं होतं, पुठ्ठा नसलेलं.
मी ते पाच रुपयांना सोडवलं.

त्यात लिहिलंय,
जर्मनीतल्या गावांत, चार-पाचशे वर्षांमागं,
चांभार, शिंपी, भटारी, लोहार
आठवडाभर हातानं पोट भरायचे
आणि रविवारी चर्चात जमून गायचे, आपलंच रचलेलं.
वाद्य एकही नाही.
(आमच्याकडं निदान डफ होता.)
चालींना नावं असायची:
आखूड माकडाची चाल,
लठ्ठ बिज्जूची,
लिहायच्या कागदाची.
मी तिथंच हसले. मुल्लानं चष्म्यावरून बघितलं.

पुढच्या पानावर हसू थांबलं.
पडद्यामागं एक माणूस बसायचा म्हणे,
गाणाऱ्याला न दिसणारा.
यमक हुकलं, रेघ.
मात्रा सांडली, रेघ.
गावठी बोली तोंडात आली, रेघ.
सातापर्यंत माफ.
आठवीला गाणारा गाता गाता बाद.

तो माणूस मला माहीत आहे.
निपाणीत, तंबाखूच्या वखारीत,
कलगी-तुऱ्याच्या बारीला
तो आमच्याच दुकानाचा पडदा लावून बसायचा,
ज्याच्यामागं गिऱ्हाइकं विजारी घालून बघायची.
हातात शिवणाचा निळा खडू,
मांडीवर माझी शाळेची पाटी.
हरबा बोंगाळे, लेडीज अँड जेंट्स टेलर.
माझा बाप.

मी नऊ वर्षांची. कंदील धरायला आत.
वखारीत सगळेच शिंकायचे,
म्हणून शिंक चुकीत धरायची नाही
असा ठराव होता, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी.

त्या रात्री तुऱ्याकडनं अथणीचा सत्याप्पा उभा राहिला.
स्वतः शिवलेल्या वहाणा दारात काढून.
त्या करकर वाजायच्या,
आणि त्यानं लावलेली नवी चालही तशीच,
दर तिसऱ्या पावलाला चावणारी.
लोक पुढं तिला करकरीची चाल म्हणायला लागले.

कलगीनं सवाल टाकला होता:
जी कुणाच्या पोटी आली नाही
तिला पहिला घास कुणी भरवला?

सत्याप्पानं डफावर थाप मारली, डोळे मिटले.
"भूक जन्मली आधी, मागनं अव्वा."

वखार गप्प. मग कलगीवाले एकदम उठले,
"परका शबुद! आई म्हणायला काय जीभ झडली?
हरबा, वढा रेघ!"

पडद्याआड बाप बोटं मोडत होता.
आई, चार मात्रा.
अव्वा, चार.
ठेका जागचा हलला नव्हता.
पण नियम शब्दाचा होता,
आणि नियम त्यानंच लिहिलेला, बिलबुकाच्या पाठीवर,
वळणदार अक्षरात.

सत्याप्पाच्या नावावर आधीच बऱ्याच रेघा.
बाप त्या पुन्हा मोजायला लागला.
प्रत्येकीवर खडूचं टोक टेकवत, ओठांतल्या ओठांत,
चिक्कोडीकडच्या गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावताना
मोजायचा तसा.
कंदील माझ्या हातात होता, मीच ऐकलं:

वंद, यरड, मूर, नाक,
ऐद, आर, येळ...

थांबला.
माझ्याकडं असा बघितला
की जणू मोजणारी मीच.
पुढचा आकडा त्याच्या तोंडात होता,
मला दिसत होता, गालाशी, सुपारीसारखा.

मग तो शिंकला.
केवढ्यानं! पडदा हलला, कंदील फडफडला,
बाहेर लोक हसले,
आणि डफवाल्यानं त्या हसण्यावरच पुढचा ठेका धरला.

शिंक खरी होती का, मी विचारलं नाही.
फेटा शेवटी कलगीनंच नेला,
दुसऱ्याच कुठल्या कारणावरनं, पहाटे.
सत्याप्पा वहाणा घालून गेला.
करकर बराच वेळ ऐकू येत होती,
स्टँडाच्या वळणापर्यंत.

पुस्तक मी सगळं वाचलं.
तो पडद्यामागचा जर्मन
कुठल्या भाषेत मोजायचा,
ते त्यात दिलेलं नाही.

सकाळी पाटी शाळेत नेली.
बाई म्हणाल्या, पूस ते.
थुंकी लावून घासलं.
शिवणाचा खडू धड जात नाही.
त्याच्यावरच मग पाढा लिहिला,
सात एके सात.